एक पट्टी चढलेली कॅसेट

झाशीत थ्रॅश मेटल ऐकणारी माणसं १९८८ साली मोजून तीन होती, आणि त्या तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. थ्रॅश मेटल म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एवढंच समजावं की त्यात विजेवरच्या गिटारी असतात, ढोलांचा नुसता भडिमार असतो आणि गाणारा असा ओरडतो की शेजारीपाजारी दार वाजवून विचारतात, घरात काही झालं का? मार्तंड पुराणिकाच्या घरी शेजारच्या मिश्राइन एकदा खरोखरच विचारायला आल्या होत्या.

मार्तंड त्या तिघांतला पहिला. पुराणिकांचे कोणी पूर्वज पुराण सांगायला म्हणून देशाकडून इथे आले आणि परत जायचं राहून गेलं. वडील दत्तात्रेयबुवा दिवसा कचेरीत कारकून आणि सणावारी लक्ष्मी तालावरच्या देवळात कीर्तनकार. घरात सुराचा दरारा एवढा की 'बेसूर' ही शिवी होती. आमटीत मीठ जास्त झालं तरी बुवा ताट सरकवून म्हणायचे, आज बेसूर झाली आहे. अशा घरातला मुलगा मेटल ऐकू लागला, तेव्हा बुवांनी रागावण्याचेही कष्ट घेतले नाहीत. ते त्याला गाणं मानतच नव्हते.

दुसरा शिवाजीराव जगदाळे. नावापुढचा 'राव' पाळण्यातच लागलेला, कारण घराणं शिलेदारांचं. आता शिलेदारीतलं उरलं होतं काय, तर भिंतीवरची एक गंजकी तलवार आणि बापाची पिठाची चक्की. मित्र त्याला शिवाच म्हणत. तिसरा नवदीप, छावनीतल्या एका मेजरसाहेबांचा मुलगा. त्याचा मामा कॅनडात, म्हणून कॅसेटी यायच्या त्या त्याच्याकडे. बाकीच्या दोघांनी त्या उतरवून घ्यायच्या, अशी रीत होती.

सगळी भांडणं एकाच अमेरिकन बँडच्या दोन अल्बमांवरून. अल्बमांची नावं इतकी भयंकर की घरात उच्चारायची सोय नव्हती, म्हणून कव्हरच्या रंगावरून या मुलांनी त्यांना लाल आणि काळा अशी नावं ठेवली होती. लाल हा बँडचा पहिला अल्बम. मिसरूड फुटलेल्या पोरांनी स्वस्तातल्या स्टुडिओत भराभर उरकलेला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत श्वास न घेणारा. काळा तिसरा. आठ-आठ मिनिटांची गाणी, साध्या गिटारीवर हळू सुरू होणारी, मग चढत चढत छाताडावर बसणारी. शिवाचा जीव लालवर, मार्तंडचा काळ्यावर. नवदीप म्हणायचा दोन्ही बकवास, खरं थ्रॅश दुसऱ्याच एका बँडचं, ज्याच्या कव्हरावर कवटी होती. पण त्याला कोणी मोजत नसे.

इलाइट चौराह्यावरच्या चहाच्या टपरीवर हे वाद चालायचे.

"तुझा काळा म्हणजे घरजावई आहे," शिवा म्हणायचा. "आधी सगळ्यांच्या पाया पडतो, मग पान खातो, मग कुठे तोंड उघडतो. लाल बघ. दारातूनच लाथ!"

"लाथ मारायला अक्कल लागत नाही. गाढवही मारतं."

"अरे यार, पण स्पीड! एवढ्या स्पीडनं कोण वाजवतं सांग ना. आणि त्याचा आवाज, कसा सुरीसारखा वर जातो."

मार्तंडला लालमध्ये एवढा वेग कधी सापडला नव्हता. चांगला होता, नाही असं नाही, पण शिवा सांगायचा तसा तो ऐकू येत नव्हता. त्याला वाटायचं, शिवाला प्रेम आंधळं करतंय. प्रत्यक्षात कारण मार्तंडच्याच घरात होतं आणि ते कळायला त्याला दीड महिना लागला.

काळा त्यांनी जूनमध्ये उतरवला होता, लाल ऑगस्टमध्ये. दोन्ही वेळा पद्धत तीच. नवदीपची असली, म्हणजे मूळ, कॅसेट मार्तंडच्या घरच्या टेपवर लावायची, वायरीचं दुसरं टोक शिवाच्या टेपला आणि आवाज बंद ठेवून शिवाच्या टेपवर ती रेकॉर्ड करायची. मधल्या काळात गुरुपौर्णिमा येऊन गेली होती. बुवांकडे त्यांच्या ग्वाल्हेरच्या गुरूंच्या कीर्तनाची एक कॅसेट होती आणि त्या दिवशी तिच्यासोबत पेटी वाजवायची त्यांना हौस आली. पण गुरूंचा आवाज आणि बुवांची जुनी पेटी जुळेना. पेटी एक पट्टी चढी होती. दुसरा कोणी असता तर पेटी दुरुस्तीला देता. बुवांनी टेपचा मागचा भाग उघडला, मोटरचा छोटा स्क्रू सापडला तो फिरवत बसले आणि गुरूंनाच एक पट्टी वर आणून पेटीला लावलं. टेप त्या दिवसापासून भराभर फिरू लागला.

सप्टेंबरात जेवताना बुवा सहज म्हणाले, "त्या टेपच्या मागच्या स्क्रूला हात लावू नकोस हो. गुरुपौर्णिमेला मी तो माझ्या पेटीला लावून ठेवला आहे."

मार्तंडचा घास हातात राहिला. दुसऱ्या दिवशी तो शिवाची कॅसेट मागून घेऊन छावनीत गेला आणि नवदीपच्या टेपवर आधी असली लाल ऐकली, मग शिवाची. शिवाची एक पट्टी वर होती, आणि वेगही त्याच मानानं जास्त. ज्या स्पीडवरून शिवा रोज त्याच्याशी भांडत होता, तो बुवांच्या स्क्रूचा स्पीड होता. मार्तंडनं स्वतः नेहमी नवदीपकडेच असली ऐकली होती, म्हणून त्याला तो कधी सापडला नव्हता.

त्या वेळी त्याला काय वाटलं, तर आनंद. साधा, चिल्लर, पोरकट आनंद. हुकमाचा पत्ता हातात आला होता. एक दिवस टपरीवर शिवा फार चढला की हा पत्ता टाकायचा आणि त्याचं तोंड बघायचं, असं त्यानं ठरवलं. तोवर गप्प बसायचं. नवदीपला तो काही बोलला नाही, आणि डिसेंबरात मेजरसाहेबांची बदली आसामला झाली. नवदीप गेला, त्याच्याबरोबर असली लालही गेली. आता झाशीत असली लाल ऐकलेला एकटा मार्तंड उरला.

पत्ता टाकायचा दिवस मात्र आला नाही, कारण मध्येच शिवानं गिटार घेतली. रेल्वे कॉलनीत एक म्हातारे अँग्लो-इंडियन गार्डसाहेब होते, त्यांच्याकडून जुनी मिळाली. शिकवणारं कोणी नव्हतं. शिवानं लाल लावली, तिच्या सुराला तारा ताणल्या आणि एकेक तुकडा पन्नास-पन्नास वेळा ऐकून हातात बसवायला लागला. चक्कीवर दिवसभर बसून पीठ झालेल्या अंगानं तो संध्याकाळी गिटार धरायचा. सर्वांत बारीक तार दर महिन्याला तुटायची. "अशी का तुटते रे?" असं तो मार्तंडला विचारायचा, आणि मार्तंड म्हणायचा, "स्वस्तातली असेल."

तेव्हा सांगता आलं असतं. थट्टेवारी गेलं असतं, चार शिव्या बसल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण दर आठवड्याला सांगणं थोडं अवघड होत गेलं आणि शिवा थोडा अधिक चांगला वाजवू लागला. दोन वर्षांत त्यानं पूर्ण लाल पाठ केली, अमेरिकेतल्या त्या पोरांनाही जमली नसती त्या वेगानं. बोटांची टोकं दगड झाली होती. मार्तंड समोर बसून ऐकायचा आणि चुका शोधत राहायचा. त्याला स्वतःला काही वाजवता येत नव्हतं. त्याला फक्त मतं होती.

१९९१च्या फेब्रुवारीत कानपूरहून पत्र आलं. तिथल्या तीन कॉलेजकुमारांचा बँड होता, स्पर्धा होती आणि त्यांचा गिटारवाला आजारी पडला होता. एका मासिकातल्या पत्रव्यवहारातून त्यांना शिवाचं नाव कळलं होतं. 'पहला एल्बम पूरा बजा लेते हो तो आ जाओ,' असं त्यांनी लिहिलं होतं. शिवानं ते पत्र मार्तंडला चार वेळा वाचून दाखवलं. मार्तंड त्याला स्टेशनवर सोडायलाही गेला. गाडी सुटेपर्यंत ते वाक्य त्याच्या जिभेवर होतं, पण तो "जपून जा" एवढंच म्हणाला.

गाडी उशिरा पोचली, सरावाला वेळ मिळाला नाही. शिवा थेट स्टेजवर उभा राहिला. त्यानं आपल्या कानानं तारा लावल्या, म्हणजे एक पट्टी वर. बाकीचे दोघे मूळ सुरात आणि मूळ वेगात होते. त्याला वाटलं हेच उतरले आहेत, पेंगत वाजवताहेत. त्यांना वाटलं झाशीवाला वेडा आहे. अर्धं गाणं होईतो लोक हसायला लागले होते. ढोलवाल्यानं काठ्या टाकल्या, गाणं थांबलं आणि माइकवरून कोणीतरी म्हणालं, "भैया, पहले सुर मिलाना सीख लो."

शिवा परत आला तो घरी न जाता आधी पुराणिकांकडे. सकाळची सात-साडेसातची वेळ. मार्तंड मागच्या अंगणात बंबात लाकडं घालत होता. आत बुवा पेटी घेऊन बसले होते.

"खरं सांग यार," शिवा म्हणाला. गिटार अजून पाठीवरच होती. "असली लाल तूच ऐकली आहेस. माझी कॅसेट तशीच आहे ना? का वेगळी आहे काही?"

मार्तंडनं त्याच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की पुढचा प्रश्न आलाच असता: तुला केव्हापासून माहीत आहे? त्याचं उत्तर अडीच वर्षांचं होतं. आणि आणखीही एक होतं, ते त्यानं पुढे स्वतःपाशी पुष्कळदा कबूल केलं. कानपूरहून पत्र शिवाला आलं होतं, त्याला नाही.

"अगदी तशीच आहे," मार्तंड म्हणाला. "सूर सगळ्यांनाच नसतो रे शिवा."

शिवानं मान हलवली. "हो. बुवा म्हणतात ना, सूर जन्माचा असतो." मग तो चहा न घेता गेला. आठवड्याभरात गिटार विकली.

माणूस एका वाक्यानं मरत नाही. शिवाही मेला नाही. त्यानं चक्की सोडून टायरच्या दुकानात नोकरी धरली, लग्न केलं, त्याला मुलगी झाली, तिचं नाव बकुळ ठेवलं. फक्त गाण्याचं दार त्यानं बंद केलं ते केलंच. पुढे त्याच कॅसेटी दुकानात मिळू लागल्या, मग सीडी आल्या, मग सगळं फुकट झालं, पण त्यानं काही ऐकलं नाही. मंडळाच्या गणपतीत आरतीला तो पुढे उभा राहायचा आणि ओठ हलवायचा. आवाज काढायचा नाही. मार्तंड शेजारी उभा असायचा, म्हणून त्याला ते कळायचं. बकुळ शाळेत गाऊ लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, हिला गाणं शिकवा. "आमच्या घरात सूर नाही, जी," असं म्हणून शिवानं तिला कॉम्प्युटरच्या वर्गाला घातलं. ही गोष्ट त्यानं मार्तंडला हसत हसत सांगितली होती. मार्तंड त्या दिवशी जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी जेवला.

मार्तंड सरकारी कचेरीत लागला, वडिलांसारखाच. बुवा गेले, पेटी गेली, टेप भंगारात गेला. मोबाइल आल्यावर जगभरातल्या मेटलवाल्यांच्या ग्रुपमध्ये तो शिरला. तिथेही लोक तीस वर्षं तेच भांडत होते, लाल मोठा की काळा. मार्तंड तिथे काळ्याची बाजू घेऊन लांबलचक लिहायचा, ब्राझीलच्या आणि पोलंडच्या माणसांना गप्प करायचा. त्याच्या मुद्द्यांना उत्तर नसे.

२०१८ साली शिवाच्या घशात गाठ निघाली. तीस वर्षं गुटखा खाल्ला होता, त्यानं व्याज घेतलं. बायको आधीच वारलेली, सगळं बकुळवर. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी सांगितलं की सहा वेळा औषध चढवायचं, पूर्ण केलं तर आशा चांगली आहे. या औषधानं कुणाकुणाचे कान बिघडतात, तसं वाटलं तर कळवा, असंही सांगितलं. दोन वेळा औषध झालं आणि तिसऱ्या वेळेला शिवा नाही म्हणाला.

बकुळ मार्तंडच्या कचेरीत आली. तिला मराठी कळायचं, पण बोलायची ती हिंदीच. "काका, अलमारी में पापा की एक पुरानी कैसेट मिली. मैंने सोचा खुश होंगे, तो वही अल्बम मोबाइल पे लगा दिया. एक मिनट सुना और बोले, बंद कर, मेरे कान गए. अब कहते हैं दवा नहीं लूँगा. आप समझाइए ना. आपकी मानते हैं."

मार्तंडनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कोणती कॅसेट, हे त्यानं विचारलं नाही.

शिवा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. आवाज बसलेला, पण शब्द कळत होते. "उतरलं आहे रे सगळं," तो म्हणाला. "ढिलं ऐकू येतं. आवाजही खाली गेला आहे. औषधानं कान खाल्ले."

"टीव्ही ऐकतोस ना? तो बरोबर येतो ना?"

"टीव्ही मला पाठ आहे का? लाल पाठ आहे. आज लाल गेली, उद्या हिचा आवाज जाईल." त्यानं बकुळकडे बोट केलं. "मरायचं तर मरू, पण पोरीचा आवाज कसा होता हे विसरून नाही मरायचं मला."

मार्तंडनं अजूनही पळवाट शोधली. माणसाची जात अशी असते. "मोबाइलमध्ये थोडं तसंच येतं," तो म्हणाला. "मशीनचा फरक."

शिवा सरळ बसला. "मग तुझा काळाही उतरलेला येईल," तो म्हणाला. "तोही पाठ आहे मला. तुझ्याशी भांडायला शंभर वेळा ऐकला होता. बकुळ, लाव ग."

काय लावायचं ते मार्तंडनंच बकुळला शोधून दिलं. दुसरं काही सुचलं नाही. साधी गिटार सुरू झाली. शिवा डोळे मिटून ऐकत होता, आणि खाटेच्या कडेवर त्याचं बोट ठेका धरत होतं. ढोल पडले तेव्हा ते बोट बरोबर त्याच क्षणी पडलं. पूर्ण गाणं संपेपर्यंत तो हलला नाही.

"हा बरोबर आहे," शिवा म्हणाला. "जसाच्या तसा आहे." मग डोळे उघडून त्यानं मार्तंडकडे पाहिलं. "कान ठीक आहेत. मग लाल अशी का?"

मार्तंडनं सांगितलं. गुरुपौर्णिमा, बुवांची पेटी, मागचा स्क्रू, छावनीत दोन्ही कॅसेटी लावून पाहिल्या ते. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. तीस वर्षं छातीवर ठेवलेली गोष्ट इतकी लहान निघाली, याचीच त्याला लाज वाटली.

"म्हणजे मी बरोबर वाजवत होतो," शिवा म्हणाला.

"हो."

"बरोबर वाजवत होतो मी." तो बकुळकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते आणि चेहरा हसत होता, लहान मुलाचा असतो तसा. "सुना तूने? सूर होता. आपल्या घरात सूर होता ग." मग त्यानं तोंड पुसलं. "मंगळवारची गाडी सांगून ठेव. औषध घेतो मी."

बकुळनं हात जोडल्यासारखं करून मार्तंडकडे पाहिलं. मार्तंडला वाटलं, सुटलो. त्यानं स्टूल पुढे ओढलं आणि खाटेजवळ बसायला वाकला.

"कानपूरहून आलो तेव्हा मी आधी तुझ्याकडे आलो होतो," शिवा म्हणाला. "घरी गेलो नव्हतो. मी तुला विचारलं होतं, मार्तंड."

"हो."

शिवा थांबला. तो वाट पाहत होता. आपण पोरं होतो, मला वाटलं नव्हतं एवढं होईल, मी रोज सांगणार होतो, अशी कितीतरी वाक्यं मार्तंडकडे वर्षानुवर्षं तयार होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही, कारण शिवाच्या तोंडासमोर त्यातलं एकही खरं वाटेना.

"जा," शिवा म्हणाला.

आपल्यात निघालेल्या माणसाला कोणी जा म्हणत नाही, ये म्हणतात. परक्या मुलखात दोनशे वर्षं राहून, अर्धी भाषा हरवूनही झाशीच्या मराठी घरांनी एवढं जपलेलं आहे. शिवानं तो शब्द नीट, सावकाश उच्चारला.

बकुळला त्यातलं काही कळलं की नाही कोण जाणे. ती जिन्यापर्यंत आली. "काका, आपने बचा लिया पापा को," ती म्हणाली. "कल आएँगे ना?"

"येतो," मार्तंड म्हणाला.

शिवानं सहाही वेळा औषध घेतलं आणि त्यानंतर चौदा महिने जगला. त्या चौदा महिन्यांत बकुळचे मार्तंडला नऊ फोन आले. दर फोनला तो येतो म्हणाला, आणि गेला तो एकदम खांदा द्यायला. तिथे जगदाळ्यांच्या एका पुतण्यानं त्याला हातानंच बाजूला केलं आणि म्हणाला, "आप रहने दीजिए, अंकल. चाचा मना कर गए हैं."